माझा शनी पळत नाही

भूतबीत आमच्या घरात चालत नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं ऐकून कुणीतरी मला ताईत आणून द्यायचं. सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या दाराला ना लिंबू लागलं ना काळी बाहुली. मी स्वतः एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. आणि नवरा मिळाला तो राजरत्न. नवऱ्याचं नाव मी घेते, ज्याला खटकेल त्याने कानात बोटं घालावीत.

राजरत्न अंबरनाथला एका कारखान्यात लेथवर होते. हाताला काम नसलं की त्यांना चैन पडायचं नाही. चौदा वर्षांपूर्वी कुठूनसा साडेचार इंची आरसा मिळवला, पीव्हीसी पाइपात बसवला, जुन्या दाराच्या प्लायवूडचं फिरतं बूड केलं, ते सरकायला सनमायकाचे तुकडे लावले, आणि झाली दुर्बीण. पहिल्या संध्याकाळी शनी बघून गच्चीतून खाली आले आणि म्हणाले, "विनू, एवढ्याशा बिचाऱ्याला लोक इतके घाबरतात?"

त्याच आठवड्यापासून दर शनिवारी संध्याकाळी, आकाशात शनी असेल ते महिने, आमच्या कात्रपच्या फुटपाथवर दुर्बीण लागायला लागली. लोक शनीच्या देवळात तेल वाहायला जायचे ती वाट तीच. माझ्याकडून पुठ्ठ्यावर लिहून घेतलं: 'शनी बघा, भीती सोडा. फुकट.' कुणाची टिंगल मात्र कधी केली नाही. साडेसाती लागली म्हणून रडकुंडीला आलेली बाई असली की तिला स्टूल द्यायचे, पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "ताई, ज्याने छळलं त्याचं तोंड तरी बघून घ्या." बाई डोळा लावायची आणि हसायची. सगळ्या हसायच्या असं नाही, पण बऱ्याच.

त्यात माझं काम चित्राचं. दुर्बिणीत काय शोधायचं हे नवख्या माणसाला कळत नाही, म्हणून आधी मी त्या दिवशीचा शनी वहीत काढायचा, रांगेतल्यांनी तो बघायचा, मगच डोळा लावायचा. हा त्यांचा नियम. मी दुर्बिणीकडे पाठ करून बसायची, टॉर्चचा उजेड तिकडे जाऊ नये म्हणून. डोळा लावायचा, वळायचं, काढायचं, परत वळून बघायचं. नळीला हात लावायचा नाही, ते त्यांचं खातं. ते नळीला एक बोट टेकवून उभे असायचे. मला वाटायचं, वाऱ्याने हलू नये म्हणून. बारा वर्षांत मी जेव्हा जेव्हा डोळा लावला तेव्हा ग्रह बरोबर मध्यभागी. दुर्बिणीत असंच दिसतं, अशी माझी समजूत. सगळ्या जगाला समजावत फिरणाऱ्या माणसाने बायकोला तेवढं सांगितलं नाही, आणि मीही शहाणी, कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात ते गेले. रविवारी दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. फुटपाथ बंद पडला. पण मी दुर्बीण सोडली नाही. पावसाळ्याचे महिने वगळले तर रोज सातला गच्चीत जायची, पाण्याच्या टाकीशेजारी दुर्बीण मांडायची, जो ग्रह वर असेल तो पकडायची, आणि पाठ करून चित्र काढत बसायची. एकटीच. खाली घरात मला रडू यायचं. गच्चीत एकदाही आलं नाही, आणि ते का, याचा मी विचार केला नव्हता.

या नोव्हेंबरात माझी मुलगी मैत्रेयी म्हणाली, "मम्मी, पप्पांचा शनिवार परत सुरू करू या." तिचं ऑफिस ऐरोलीला, शनिवारी सुट्टी. मला बरं वाटलं. गेलो दोघी. चित्र मी काढलं, नळी तिने सांभाळली. पण यंदा शनीची कडी आपल्याकडे धार करून उभी होती. पंधरा-एक वर्षांतून एकदा असं होतं. आमच्या छोट्या आरशात कडं दिसेचना, नुसता पिवळा ठिपका. लोक म्हणाले, हा कुठला शनी? सोमा म्हणून जांभूळ गावचा एक माणूस तिथेच रुईच्या माळा विकायला बसतो. त्याने डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सायेब गेलं आन् शनीची कडी बी संगती घेऊन गेलं." दोन बायकांनी तिथेच कानाला हात लावून शनीची माफी मागितली. बारा वर्षांचं काम माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात चाललं होतं. मला असा संताप आला की त्या सोमाच्या टोपलीला लाथ मारावीशी वाटली.

"मोठी दुर्बीण घेऊ," मैत्रेयी घरी येऊन म्हणाली. "मोठ्या आरशात ती बारीक रेघसुद्धा दिसेल. मी घेते."

मी म्हणाले, बघू. बघू म्हणजे नाही, हे ती जाणते. तरी दुसऱ्याच दिवशी रिक्षात दुर्बीण घालून ती मला उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये घेऊन गेली. तिथे दिपेशचं दुकान आहे. कॅमेरे, दुर्बिणी, मोजणीची यंत्रं, सगळं दुरुस्त करतो, जुनं घेऊन नवं देतो. त्याने आमची नळी उलटसुलट करून बघितली.

"आंटी, चीज अच्छी है. प्यार से बनाई है. पण प्लॅनेट बघायचे तर आठ इंच घ्या, मोटरवाली. एकदा ग्रह पकडला की ती स्वतः त्याच्या मागे मागे जाते. ढकलायची झंझट नाही."

"कसली ढकलायची?"

"बिना मोटरची आहे ना ही. एवढ्या पॉवरला शनी दीड मिनिटात बाहेर भागतो. हाताने ढकलत राहायचं."

"माझा शनी पळत नाही," मी म्हणाले.

दिपेश हसला. "आंटी, पृथ्वी फिरते म्हणून तो भागतो. तुमच्या बिल्डिंगखाली दुसरी पृथ्वी आहे काय?"

मैत्रेयी पण हसली. "मम्मी, पप्पा बोटाने ढकलायचे ना सारखे. त्या शनिवारी मी ढकलत होते. आणि गच्चीत तू ढकलतेस."

"मी नाही ढकलत."

"मग कोण ढकलतं?" ती सहज म्हणाली आणि मोटरचा डबा बघायला लागली. मी तिथल्या काउंटरला घट्ट धरून उभी राहिले. विचार करून कळवते म्हणून सांगितलं आणि दुर्बीण परत घरी आणली.

त्याच संध्याकाळी गच्चीत गेले. ह्यांचं मनगटी घड्याळ घेतलं. शनी पकडला आणि या वेळी वळलेच नाही, डोळा लावूनच उभी राहिले. बघते तर शनी हलतोय. हळूहळू, सरळ, एका बाजूला. कडेला गेला, अर्धा कापला गेला, गेला. मागे नुसता काळोख. एक मिनिट पस्तीस सेकंद. वयाच्या साठाव्या वर्षी मी पहिल्यांदा शनी पळताना बघितला.

परत पकडला. आता स्टुलावर बसले, पाठ केली, चित्र काढायला लागले. मुद्दाम सावकाश, चार मिनिटं. आणि पहिल्यांदाच कान देऊन ऐकलं. पाठीमागे अगदी बारीक आवाज झाला. कर्र. थोड्या वेळाने परत, कर्र. सनमायकावर लाकूड सरकतं तो आवाज. ते असताना बारा वर्षं मी तो ऐकला होता आणि ते गेल्यावर दीड वर्ष रोज ऐकत होते. कानाच्या इतक्या अंगवळणी पडलेला, की घरातल्या पंख्यासारखा तो मला ऐकूच यायचा नाही.

वळायची हिंमत होईना. कर्र. कुणाचा श्वास नाही, पाऊल नाही, नुसतं तेवढंच. शेवटी वळले. टाकी होती, केबलच्या वायरी होत्या, चौथ्या मजल्यावाल्यांच्या चादरी वाळत होत्या. डोळा लावला. शनी मध्यभागी होता.

तीन वेळा केलं. तीनही वेळा तेच. बघत राहिलं की पळतो, चित्र काढायला वळलं की कुणीतरी धरून ठेवतं. मी घाबरले, खोटं कशाला बोलू. पण भीतीच्या तळाशी मला आनंद झाला होता आणि त्या आनंदाची मला जास्त भीती वाटली. गच्चीत मला रडू का येत नव्हतं ते समजलं. मी तिथे कधी एकटी नव्हतेच.

आता हे सांगायचं कुणाला? शेजारणीला सांगितलं तर ती उतारा सुचवणार. विहारात सांगितलं तर म्हणतील, राजरत्नची बायको, आणि भूत बघते? आणि खुद्द ते असते तर काय म्हणाले असते हे मला पाठ होतं. जे दुसऱ्या माणसाला दिसत नाही ते आहे म्हणून सांगायचं नाही, हे त्यांच्या प्रत्येक भाषणात असायचं. म्हणून दुसऱ्या दिवशी मैत्रेयीला वर नेलं. तिला म्हटलं, डोळा लाव, हात पाठीमागे बांध, आणि मी चित्र काढत असताना काय होतं ते सांग.

मी पाठ केली. पेन्सिल चालवली. कान टवकारून बसले. काही आवाज झाला नाही.

"गेला, मम्मी," मैत्रेयी म्हणाली.

परत पकडला. परत गेला. तिसऱ्यांदा तर माझ्याच्याने राहवलं नाही, मी चित्र काढता काढता पुटपुटले, "अहो, ती आपलीच आहे. तिला दाखवा की." मैत्रेयीने ते ऐकलं. डोळा काढून ती माझ्याकडे बघत राहिली. मग मला सगळं सांगावं लागलं.

ती चिडली नाही, ते जास्त लागलं. माझ्याजवळ उकिडवी बसली आणि शाळेतल्या पोराला समजवावं तसं म्हणाली, "तूच ढकलत असशील, सवयीने. कधी कधी आपण केलेलं आपल्या लक्षात राहत नाही. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन येऊ, नुसतं दाखवायला." माझे दोन्ही हात तिने हातात धरले होते. तिचे हात गार पडले होते.

ती रात्र मी कशी काढली ते माझं मलाच ठाऊक. हिशेब साधा होता. जुनी दुर्बीण ठेवली, तर गच्चीत रोज संध्याकाळी माझा नवरा माझ्या पाठीशी उभा राहणार, पण फुटपाथवर सोमा म्हणेल तेच खरं होणार. नवी घेतली, तर त्यांचं काम राहणार आणि ते जाणार. त्या लाकडाच्या बुडातच ते असणार असं मी धरून चालले होते. बोट लावायला नळीच राहिली नाही तर ते कुठे उभे राहतील? आणि मोटर आपली आपण चालत असेल तर त्यांना कामच काय उरलं? मला त्यांचा राग पण आला. आयुष्यभर भुतं नाहीत म्हणून सांगत फिरला हा माणूस, आणि माझ्यावर ही वेळ आणली.

सकाळी मी मैत्रेयीला म्हटलं, "दे ती दुर्बीण दिपेशला. मोटरवाली घे." ती मला मिठी मारायला आली, तर मी तिला चहाचं पातेलं घासायला लावलं. मला तेव्हा कुणाची मिठी नको होती. दुपारी रिक्षात नळी चढवली तेव्हा मी खाली उतरलेच नाही. मी त्यांचं काम निवडलं होतं, त्यांना नाही.

डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी नवी दुर्बीण फुटपाथवर लागली. मोठी, काळी, दोघींनी मिळून उचलावी लागली. मैत्रेयीने बटणं दाबून शनी पकडला. मोटर बारीक घुं करायला लागली. डोळा लावला आणि माझ्या तोंडून अहाहा निघालं. कडं दिसत होतं, ग्रहाच्या आरपार सुई घातल्यासारखं. रांगेत पंधरा-वीस माणसं होती, सोमा सगळ्यांत पुढे. मी म्हटलं, थांबा, आधी चित्र. बसले, पाठ केली, काढायला घेतलं. पाठीमागे नुसती मोटर. दुसरं काही ऐकू येईना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि कागदावरचा शनी मला दोन दोन दिसायला लागला.

डोळे पुसून वळले, डोळा लावला. दुर्बिणीत काही नव्हतं.

"मोटर बंद पडली बघ," मी म्हणाले.

"चालू आहे की," मैत्रेयी म्हणाली. तिने बटणांनी शोधला. शोधताना तिच्या कपाळाला आठी पडली. "मम्मी, मोटर बंद पडली असती तर शनी पश्चिमेकडे पळाला असता. इथे नळीच पश्चिमेला पुढे गेलीय. कुणाचा तरी धक्का लागला." नळी तिने मागे आणली, शनी मध्यभागी घेतला. मी परत चित्राला बसले. परत वळले. परत काळोख, आणि नळी परत पुढे गेलेली.

मला तेव्हाच समजलं. मोटरचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते आपले बारा वर्षांच्या सवयीने, मी चित्राला बसले की बोटाने ढकलत होते. मोटर शनीच्या बरोबर चालली होती आणि ते त्याच्या पुढे ढकलत होते. लाकडाच्या बुडात ते नव्हतेच कधी. ते माझ्या पाठीशी होते, आणि आता त्यांच्याच हाताने त्यांचाच शनी घालवत होते.

"शनीम्हाराज काय दर्शन देईनात बाईस्नी," सोमा मागे वळून रांगेला म्हणाला. "कोप हाय त्यो." एक बाई रांगेतून निघाली. मग तिच्या मागे आणखी दोघी. त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती घालवायला माझा नवरा बारा वर्षं इथे उभा राहिला होता.

मी काय करणार होते? चित्र काढायचं सोडलं की ते ढकलायचे थांबतील, इतकं सोपं होतं. वही मिटायची आणि सोमाला म्हणायचं, ये, लाव डोळा. पण वही मिटली की ते कायमचे गेले. माझा हात वहीवर होता आणि ती मिटवत नव्हता.

"सगळे दोन पावलं मागे व्हा, धक्का लागतोय," मैत्रेयी लोकांवर ओरडली. तिने शनी पुन्हा मध्यभागी आणला, आणि नळी हलू नये म्हणून आपला तळहात तिच्यावर सपाट ठेवला. "काढ मम्मी आता. मी धरलीय." तिची नजर लोकांवर होती, भिंगाला कुणाचाच डोळा नव्हता.

मी पाठ केली. शेवटचं चित्र समजून काढायला लागले. ग्रहाचा गोल काढला, त्याच्या आरपार रेघ ओढली. मोटरची घुं चालू होती. अर्ध्या मिनिटाने मैत्रेयीचा आवाज आला. शब्द नव्हता तो, श्वास अडकल्यासारखं काहीतरी होतं.

मी वळले. तिचा तळहात नळीवर होता आणि त्याच्याखाली नळी सरकत होती. हळू, एवढंस्सं, कुणी एक बोट टेकवून सरकवावी तशी. मैत्रेयी ती थांबवायचा प्रयत्न करत नव्हती. ती नळीच्या पलीकडच्या बाजूला बघत होती, जिथे कुणी नव्हतं, माणसाच्या चेहऱ्याकडे बघावं तेवढ्या उंचीवर. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं. दीड वर्षात तिला मी कधी रडताना बघितलं नव्हतं, अंत्यविधीलाही नाही.

ती खाली वाकली आणि तिने मोटरचं बटण बंद केलं. घुं थांबली.

"मोटर बिघडलीये," ती लोकांना म्हणाली. आवाज फाटला होता, पण तिने तो सावरला. "हाताने चालवू. आईचं चित्र झालं की सगळ्यांना दाखवते, कुणी जाऊ नका." निघालेल्या बायका थांबल्या.

तळहात तिने नळीवरून उचलला नाही. माझ्याकडे झुकली, फक्त मला ऐकू जाईल इतकी.

"मम्मी," ती म्हणाली, "चित्र लवकर संपवू नकोस."